न्हाणीघराचं धुराडं

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आई न्हाणीघरात पडली. ती आतून कडी कधीच लावत नाही, नुसतं दार लोटून घेते, म्हणून बरं. तांब्या पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ काहीतरी जड पडल्याचा. बायको धावली, तिच्यामागे मी. दोघांनी मिळून आईला उचललं आणि मागच्या अंगणातल्या खाटेवर आणून टेकवलं. पाचेक मिनिटांनी तिने डोळे नीट उघडले. "डोकं लई दुखतंय रे," म्हणाली आणि तिला उलटी झाली.

आईचं वय ७६. या वयाचं माणूस न्हाणीत पडलं की कारण शोधायला कुणी फार लांब जात नाही. डॉक्टरांकडे नेलं. बीपी ठीक, साखर ठीक, ईसीजी ठीक. बोटाला लावायच्या चिमट्याने ऑक्सिजन दाखवला ९८. अशक्तपणा असेल, थंडीत एकदम गरम पाणी अंगावर घेतल्याने झालं असेल, असं ठरलं. टॉनिक घेऊन घरी आलो. बायकोने न्हाणीघरात रबराची चटई टाकली. मी भिंतीला धरायला दांडा लावून घेतला. सगळे कसे जबाबदार वागलो!

खरं कारण त्या खोलीच्या छतात होतं आणि ते मीच चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं.

बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीतलं आमचं घर आजोबांनी घेतलेलं. पुढची बाजू आता स्लॅबची झाली, पण मागचं न्हाणीघर आणि त्याला लागून असलेली पडवी अजून कवेलूंचीच आहे. कवेलू म्हणजे तुमची कौलं. आमच्या मराठीत असे शब्द हिंदीतून येऊन केव्हाच घरचे झाले आहेत. लहानपणी या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. खाली जाळायला गोवऱ्या, तुराट्या, लाकडाच्या ढलप्या. बंबाच्या मधून वर जाणारं नळकांडं छतातून बाहेर काढलेलं. ते जिथून बाहेर पडायचं तिथे चांगलं वीतभर रुंद भोक होतं आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर पत्र्याचं टोपडं. हे आमचं धुराडं.

आई रावेरकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी धाब्याचं घर होतं, म्हणजे लाकडी सरे आणि त्यावर मातीचं सपाट छप्पर. त्या धाब्याला स्वयंपाकघरावर एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला ती साणं म्हणते. उजेड तिथूनच आत यायचा आणि चुलीचा धूर तिथूनच बाहेर जायचा. मोठा पाऊस आला की कुणीतरी वर चढून त्यावर सपाट दगड ठेवायचं आणि उघडीप झाली की काढायचं. काढायला विसरलं की आजी खालून ओरडायची. साणं बंद आणि चूल पेटलेली, हे त्या घरात एका वेळी चालत नसे.

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही बंब काढला. सकाळी सकाळी गोवऱ्या पेटवणं आईला झेपेना आणि मुलीची शाळा सातची. भिंतीवर गॅसचा गिझर आला. नळ सोडला की भपकन पेटतो आणि गरम पाणी सुरू. बसवणाऱ्या माणसाने तो न्हाणीघराच्या आतच टांगला. बंबाचं नळकांडं भंगारात गेलं, पण छतातलं भोक आणि त्यावरचं टोपडं तसंच राहिलं. ते तिथे का आहे, याचा विचार कुणी केला नाही. काढायला कुणाला सवड झाली नाही, एवढंच. त्याच आळसाने आम्हाला इतकी वर्षं सांभाळलं.

मागच्या ऑगस्टमध्ये टोपडं गंजून एका बाजूने फाटलं. न्हाणीघरात पाणी गळायला लागलं. मी एका सुट्टीच्या दिवशी शिडी लावली, भोकावर सपाट पत्रा टाकला आणि चारी बाजूंनी सिमेंट थापलं. खालून आई म्हणाली, "अरे, बुजवू नको ते. नवं टोपडं करून आण."

मी वरून म्हणालो, "आता बंब कुठे आहे, आई? धूरच नाही तर धुराडं कशाला?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. इंधनाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की ज्वलन अपूर्ण होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. इतकंच नाही, दरवर्षी मुलांना घेऊन कुंडी भंडारा पाहायला जातो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली ही पाण्याची योजना झाली. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारं पाणी भुयारात गोळा करायचं आणि नुसत्या उताराने शहराकडे आणायचं. त्या भुयारावर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या आहेत. वरून पाहिलं तर विहिरी वाटतात. आता एका कुंडीतून लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येतं. खाली गुडघाभर पाण्यातून चालताना मुलं हमखास विचारतात, "सर, इतक्या खोल श्वास कसा घेता येतो?" मी वर बोट दाखवून सांगतो की या कुंड्यांतूनच हवा खेळती राहते, उजेड येतो, साफसफाईला माणूस उतरतो. कुंड्या बुजल्या तर खाली उतरलेला माणूस गुदमरेल.

हे सगळं मुलांना सांगून घरी यायचं आणि घरातली कुंडी सिमेंटने बुजवायची, असा माझा कारभार.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही झालं नाही, कारण इथे तेव्हा गरम पाणी लागतच नाही. नोव्हेंबरात छोटी खिडकी उघडी असायची. डिसेंबरात पहाटेचा गारठा वाढला, तसं आईने खिडकीही लावून घेतली. मी आणि बायको बादली भरून घेतो, गिझर बंद करतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. आई सावकाश, श्लोक म्हणत अंघोळ करते आणि पाणी गार होऊ नये म्हणून गिझर चालू ठेवते. म्हणून तिलाच झालं, आम्हाला नाही. आणि म्हणूनच आम्ही ते तिच्या वयावर ढकललं.

नाताळच्या सुट्टीत मुलगी इंदूरहून घरी आली. ती २० वर्षांची आहे, कॉलेजात आहे. दुसऱ्या दिवशी केस धुवायला म्हणून ती चांगली वीस मिनिटं न्हाणीघरात होती. बाहेर आली ती भिंतीला धरून. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय कापतायत म्हणाली आणि अंगणात मटकन बसली. बायकोने लिंबू-साखरेचं पाणी आणलं. मी म्हणालो, "प्रवासाचा थकवा असेल. रात्री जागली असशील."

पंधरा-वीस मिनिटांनी तिला जरा बरं वाटलं. ती आजीकडे पाहत म्हणाली, "आजी, तुलाही असंच झालं होतं ना? डोकं आणि उलटी?"

आई म्हणाली, "अगदी असंच."

"तू ७६ ची, मी २० ची. दोघींना एकच अशक्तपणा कसा येईल?" मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, न्हाणीघरात ऊन पडायचं ना जमिनीवर? गोल कवडसा? मी लहानपणी त्यात पाय ठेवून उभी राहायचे. तो कुठे गेला?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. आम्ही तिघंही एकाच वेळी छताकडे बघायला लागलो.

गिझर त्या क्षणी बंद केला तो कायमचा. मग मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि या वेळी सांगितलं की घरात गॅसचा गिझर आहे, तो बंद खोलीत आहे आणि दोघींना अंघोळीनंतरच झालं आहे. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी मुलीला ऑक्सिजन लावला आणि मला समोर बसवून समजावलं. ते तुम्हालाही सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, हॉस्टेलच्या बाथरूममध्ये असा गिझर असेल.

गॅस पेटताना हवेतला ऑक्सिजन खातो. खोली लहान आणि बंद असेल तर ऑक्सिजन कमी पडतो आणि ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण जळून तयार झालेल्या या वायूला तो नसतो. म्हणून "गॅसचा वास तर आला नाही" ही समजूत उपयोगाची नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवतं, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, आणि दार उघडायचं सुचण्याआधीच माणूस पडतो. आणि बोटाला लावायचा तो चिमटा? त्याला या वायूने व्यापलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यांतला फरक ओळखता येत नाही. आईचे ९८ आम्ही पाहिले आणि निश्चिंत झालो. नक्की कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि ती वेळेत व्हावी लागते. त्यासाठी डॉक्टरांना शंका यायला हवी, आणि शंका येण्यासाठी आपण त्यांना गिझरबद्दल सांगायला हवं. आम्ही पहिल्या वेळी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आईने कडी लावली असती तर, एवढा एकच विचार. सकाळी शिडी लावून वर गेलो. माझं सिमेंट चांगलं घट्ट बसलं होतं, अगदी कारागिरासारखं. छिन्नीने फोडायला अर्धा तास लागला. पत्रा उचलला तेव्हा खालून मुलीचा आवाज आला, "आलं ऊन!"

पुढे काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. मुलगी म्हणाली विजेचा गिझर घ्या. पण मागच्या बाजूचं वायरिंग जुनं, त्याच्यावर तेवढा भार टाकायचा धीर होईना. सौर गिझरची टाकी कवेलूंच्या छपराला पेलणार नाही. शेवटी ठरलं ते असं : गिझर न्हाणीघरातून बाहेर काढून शेजारच्या उघड्या पडवीच्या भिंतीवर लावायचा आणि भिंतीतून फक्त गरम पाण्याची नळी आत न्यायची. आमच्या जुन्या गिझरला धूर बाहेर नेणारी नळी जोडायची सोयच नव्हती, म्हणून ती सोय असलेला नवा घ्यायचा. त्याचा धूर पाइपाने पडवीच्या छपरावर सोडायचा. आणि न्हाणीघराचं जुनं धुराडं नव्या टोपड्यासह पुन्हा उघडं ठेवायचं.

हे ठरवताना मिनिआपोलिसच्या चुलतभावाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे थंडीत सगळं घर गरम ठेवणारी भट्टी तळघरात असते, ते लोक तिला फर्नेस म्हणतात. तिचा धूर पाइपाने थेट छपरावर जातो. दोन वर्षांपूर्वी त्या पाइपाची वरची टोपी गंजली आणि आत पाखरांनी घरटं केलं, तेव्हा त्याने तो वरचा भाग बदलून घेतला होता. तो म्हणाला, "दादा, इकडे बर्फ म्हणून आणि तिकडे पाऊस म्हणून, पण भोक बुजवायचा मोह सगळीकडे सारखाच." त्याच्या राज्यात झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या सांगण्यावरून मीही एक अलार्म मागवला. बॅटरीवर चालतो, धुराच्या अलार्मपेक्षा वेगळा असतो. घेताना नीट वाचून घ्या.

पत्र्याचं काम करणारे एक चाचा आमच्याकडे पूर्वीपासून येतात. आमच्या बंबाचं शेवटचं नळकांडं त्यांच्या वडिलांनी केलं होतं. त्यांनी वर चढून पाहिलं आणि माझ्या सिमेंटचे तुकडे हातात घेऊन हसले. म्हणाले, "मास्टरजी, पत्रा और सीमेंट की दोस्ती नहीं होती." मग समजावून सांगितलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४५ वर जातो तेव्हा पत्रा ताणतो, रात्री आकसतो. सिमेंट ताणत नाही, तडकतं. पहिल्या पावसात त्या फटीतून पाणी. मी एवढं थापलेलं सिमेंट पुढच्या पावसाळ्यात गळणारच होतं!

त्यांची पद्धत वेगळी. पाइप जिथे छपरातून बाहेर येतो तिथे त्यांनी त्याच्याभोवती पत्र्याची रुंद झालर केली. झालरीची वरची कड वरच्या कवेलूंच्या खाली सरकवली आणि खालची कड खालच्या कवेलूंच्या वर ठेवली. कवेलू एकमेकांवर जसे चढवलेले असतात, तसंच. पाणी वरून येतं, झालरीवरून घसरतं आणि पुढच्या कवेलूवर जातं. चिकटवायचं काही नाहीच. पाइपाला वर आणखी एक उलट्या फनेलसारखी पट्टी, म्हणजे पाइपावरून ओघळणारं पाणी झालरीच्या बाहेर पडेल. पाइप शक्य तितका सरळ वर नेला. वळणं कमी, आडवा भाग जवळजवळ नाहीच, आणि कुठेही उलटा उतार नाही. गरम धूर आपोआप वर चढतो, त्याला फक्त अडवायचं नसतं. पाइपाची जाडी गिझरच्या तोंडाएवढी पूर्ण ठेवली, मध्ये कुठे बारीक केली नाही. छपराच्या वर तो तीन फूट काढला, नाहीतर शेजारच्या भिंतीवरून येणारा वारा धूर उलटा आत ढकलतो. सगळ्यात वर शंकूसारखी टोपी आणि कडेने धुराला मोकळी जागा.

न्हाणीघरावरचं टोपडंही त्यांनी नवीन केलं. चार पायांवर उभं, बाजूंनी उघडं, पाऊस न येईल इतकं रुंद. दोन दिवसांचं काम. संध्याकाळी चहाबरोबर बायकोने चाचांना दराबा दिला. त्यांनी थोडा खाल्ला, थोडा नातवासाठी बांधून घेतला.

चालू करण्याआधी एक परीक्षा घ्यायची होती. पाइप खरंच धूर ओढतो का हे पाहायचं. गिझर पेटवला, दोन-चार मिनिटं चालू दिला. आईने देवघरातली उदबत्ती पेटवून आणली. गिझरच्या वरच्या बाजूला, जिथून धुराबरोबर आजूबाजूची हवा आत ओढली जाते, त्या फटीजवळ मी ती धरली. धूर बाहेर ढकलला गेला असता तर पाइप तुंबलेला. पण उदबत्तीचा धूर एक रेघ होऊन सरळ आत गेला. मुलगी अंगणात उभी राहून वर टोपीकडे बघत होती. अर्थात तिथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

"दिसत नाही म्हणूनच तर घोटाळा झाला," ती म्हणाली.

बंबाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, भिंती काळ्या करायचा. त्यामुळे त्याला वाट करून द्यावीच लागायची. गॅसचा धूर सभ्य, दिसत नाही, झोंबत नाही. मग आम्ही समजलो की तो नाहीच. आईने गिझरचं विज्ञान शिकलेलं नाही, पण आत आग असेल तर वर भोक हवं, एवढं तिला माहीत होतं. ते तिने मला सांगितलंही होतं. मी ते जुन्या काळचं समजून सोडून दिलं.

आता तुमच्यासाठी थोडं. या थंडीत घरी जाल तेव्हा, किंवा जिथे राहता तिथे, न्हाणीघरात एकदा वर बघा. गॅसचा गिझर आतच लावलेला असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत काढून घ्या. तोवर बादली बाहेरून भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा. जाळीच्या झडपा थंडी वाजते म्हणून कागद लावून बंद करू नका. धुराचा पाइप असेल तर पावसाळ्यानंतर एकदा त्याची टोपी तपासा. पाखरं, मधमाश्या, गंज, काहीही असू शकतं. आणि कुणी आत पडलंच, तर आधी दार-खिडक्या उघडून त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गिझरबद्दल सांगा. घरात एकाच वेळी दोघांचं डोकं दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर थांबत असेल, तर ती शंका पहिली घ्या, शेवटची नको.

आईने नव्या व्यवस्थेवर अजून एकच तक्रार केली आहे. धुराड्यातून थंड वारा येतो म्हणते. मी म्हणालो, थंडीपुरतं अर्धं झाकू का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. आता ती सकाळी दहा वाजता अंघोळ करते, ऊन वर आल्यावर. तेव्हा कवडसा बरोबर तिच्या पाटाजवळ पडलेला असतो.